मदत हवी आहे: कॉर्न बँडचा पहिला अल्बम अर्ध्यावर अडतोय

अर्धा सूर (धागाकर्ती)

मंडळी, संगीत विभागात शोधलं, पण या अल्बमवर वेगळा धागा सापडला नाही. कुठे असेल तर हा तिकडे हलवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. नू मेटलमध्ये (मेटलमध्ये हिपहॉप, रॅप मिसळलेला प्रकार) मी शिरले ती बहुतेक जण शिरतात त्याच दाराने, लिंकिन पार्कच्या 'हायब्रिड थिअरी'मधून. २००० सालचा तो अल्बम मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. बारा गाणी, अडतीस मिनिटांच्या आत खेळ खलास. माइक शिनोडाचं रॅप कुठे थांबणार आणि चेस्टर बेनिंग्टनचा आवाज कुठे उसळणार, हे डोळे मिटून सांगेन. तिथून मागे मागे जायला सुरुवात केली. कॉर्नचा 'फॉलो द लीडर' (१९९८) आवडला, त्यातलं 'फ्रीक ऑन अ लीश' तर फारच. मग जो तो म्हणायला लागला की या सगळ्याचं मूळ बघायचं तर त्यांचा पहिला अल्बम ऐक, बँडच्याच नावाचा, ऑक्टोबर १९९४चा. ऐकला, आणि तिथेच गाडी अडली.

वाईट आहे असं म्हणत नाहीये. 'ब्लाइंड'ची सुरुवात ऐकून कुणी नुसतं बसून राहत असेल तर कमाल आहे. आधी झांजेवरचा ठेका, मग एक गिटार, मग तिला चिकटून दुसरी, सगळं ताणून ताणून धरलेलं, आणि मग तयार आहात का असं विचारणारी गायक जोनाथन डेव्हिसची आरोळी. इथवर मी त्यांचीच. पुढे मात्र घोळ होतो.

पहिली तक्रार लांबीची. जवळपास ६६ मिनिटं! 'प्रेडिक्टेबल', 'फेक', 'लाइज' ही तीन गाणी पाठोपाठ येतात तेव्हा एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे मला दर वेळी पडद्यावर बघावं लागतं. 'हायब्रिड थिअरी'त प्रत्येक गाण्याला आपला चेहरा आहे, इथे तो दिसत नाही.

दुसरी तक्रार बेसची. फील्डी बेस वाजवतोय की टाइपरायटर, असा प्रश्न पडतो. टकटक ऐकू येते, सूर येत नाही. हेडफोनवर थोडा फरक पडतो, फोनच्या स्पीकरवर तर नुसती टकटकच उरते.

तिसरी, गायनाची. 'बॉल टंग'मध्ये डेव्हिस मधूनच कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी बरळायला लागतो. ते मुद्दाम आहे हे कळतं. कशासाठी, ते कळत नाही.

आणि शेवटचं 'डॅडी'. तक्रार म्हणून ते लिहिणं बरोबर नाही, पण मला ते पूर्ण ऐकवलं नाही. माणूस खराखुरा रडतोय आणि आपण हेडफोन लावून ऐकतोय, हे जमेना. बंद केलं. तरी ट्रॅकची लांबी साडेसतरा मिनिटं दाखवत होती. एवढा वेळ हेच चालतं का?

तर ज्यांना हा अल्बम मनापासून आवडतो (किंवा मनापासून आवडत नाही), त्यांना विचारायचंय. कुठल्या क्रमाने ऐकू? बेसचं काय करू? आणि शेवटचं गाणं गाळलं तर नेमकं काय हुकेल? 'तुझ्यासाठी नाही, सोडून दे' हे उत्तरही चालेल, पण कारण सांगा.

खर्जातला

बेस वाजवतो, म्हणून त्या टाइपरायटरपुरतं बोलतो.

साध्या चार तारांच्या बेसची सगळ्यांत जाड तार 'ई'ला असते, सुमारे ४१ हर्ट्झ. फील्डीचा बेस पाच तारांचा. पाचवी तार रीतसर 'बी'ला लावतात, त्याने ती आणखी एक पूर्ण स्वर उतरवून 'ए'ला आणलेली आहे. म्हणजे साडेसत्तावीस हर्ट्झ. पियानोच्या डाव्या टोकाची शेवटची पट्टी दाबली की जो सूर येतो तो हाच. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून शंभर-दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेरच पडत नाही, त्यामुळे तिथे सूर शोधण्यात अर्थ नाही. तार पट्ट्यांवर आपटते तो वरचा आवाज तेवढा ऐकू येणार.

पण हेडफोनवरही टकटक का, तर त्याचं कारण गिटारवाले. मंकी आणि हेड (हो, टोपणनावंच आहेत) या अल्बमवर दोघेही सात तारांची आयबनीझ गिटार वाजवतात. ही गिटार १९९० साली गिटारवादक स्टीव्ह वायच्या नावाने बाजारात आली, द्रुतगती सोलो वाजवणाऱ्यांसाठी. या दोघांनी सोलो जवळपास बंदच केले आणि सातवी तारही 'ए'वर, ५५ हर्ट्झला उतरवली. साध्या बेसच्या 'ए' तारेचा सूर अगदी हाच. म्हणजे गिटारींनी बेसच्या घरात बिऱ्हाड केलं. मग बेसने जायचं कुठे? फील्डीने मधला सगळा भाग कापून टाकला, तळ ठेवला आणि टोक ठेवलं. तळ कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो, टोक म्हणजे तुमची टकटक. हिपहॉपवर वाढलेला माणूस आहे, त्याला बेसकडून चाल नकोच होती, ठेका हवा होता.

एक करून बघा. 'ब्लाइंड' किंवा 'बॉल टंग' लावा आणि गिटार, गाणं सगळं विसरून डेव्हिड सिल्व्हेरियाचा पायाचा ड्रम आणि बेस एवढंच धरा. ती दोन वाद्यं नाहीत, एकच आहे. हे कळलं की टाइपरायटर थांबेल. नाही थांबला तर मग आवड नाही असं समजा, त्यात काही बिघडत नाही.

बेसचा आवाज वाढवणं (बास बूस्ट) वगैरे करू नका. चिखल होईल.

जुनाट मेटलवाला

कारण मागितलंय म्हणून देतो.

१९९४ हे साल मेटलला काही दुष्काळाचं नव्हतं. मार्चमध्ये पँटेराचा 'फार बियाँड ड्रिव्हन' थेट बिलबोर्ड या अमेरिकी विक्री-यादीच्या पहिल्या क्रमांकावर उतरला होता, ऑगस्टमध्ये मशीन हेडचा 'बर्न माय आइज' आला होता. दोन्हींत रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) जन्माला येते, वाढते, वळण घेते. कॉर्नच्या या अल्बममध्ये रिफ येते आणि तिथेच उड्या मारत राहते. तुम्हाला तीन गाणी सारखी वाटली यात तुमच्या कानांचा दोष नाही. ती सारखीच आहेत. पहिली सात ऐका, बाकीच्यांतलं 'हेल्मेट इन द बुश' ऐका, उरलेल्यांना रामराम.

फक्त 'हायब्रिड थिअरी'शी तुलना नको. तिथे सहा वर्षांत लोकांनी करून ठेवलेली वाट तयार मिळाली होती. कॉर्नचा हा अल्बम आला तेव्हा 'नू मेटल' हा शब्दही रुळलेला नव्हता. रेडिओने फारसं विचारलं नाही, तरी डॅन्झिग, ऑझी ऑस्बर्न असल्या मंडळींच्या आधी वाजवत गावोगाव फिरून त्यांनी तो विकला. बिलबोर्डवर सगळ्यांत वरचा क्रमांक ७२, तोही दोनेक वर्षांनी, आणि तरी शेवटी अमेरिकेत दुहेरी प्लॅटिनम (वीस लाख प्रती). मला आवडत नाही, पण हे मान्य करावं लागतं.

रानवाट

जुनाट, रिफ वाढत नाही हे खरं, पण ती वाढावी अशी त्यांची इच्छाच नव्हती. दोन गिटारींकडे नीट लक्ष दिलंत तर एक खाली दळत असते आणि दुसरी वर काहीतरी बेसूर, किरकिरं वाजवत असते. मिस्टर बंगल हा बँड आणि सायप्रेस हिल या हिपहॉप गटाच्या गाण्यांतले ते भेसूर, चिरके आवाज यांचा प्रभाव त्यांनी स्वतःच सांगितलाय. मेटलच्या वहीतून तपासलं तर नापास होणारच.

अर्धा सूर, तुमच्या तिसऱ्या तक्रारीकडे, गायनाकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. तुम्ही ज्या अल्बमवरून येताय, तो डॉन गिलमोरने घासूनपुसून केलेला आणि अँडी वॉलेसने मिक्स केलेला अल्बम आहे. एकही कोपरा बाहेर आलेला नाही, शिवीसुद्धा नाही. कॉर्नचा निर्माता रॉस रॉबिन्सन. त्याचा तोपर्यंत फारसा बोलबाला नव्हता. कॅलिफोर्नियात मालिबूच्या डोंगरातला इंडिगो रँच नावाचा स्टुडिओ, जुनी यंत्रसामग्री, आणि रॉबिन्सनची एकच अट: गाताना जे होईल ते होऊ द्यायचं. सूर गेला, श्वास तुटला, शब्द संपले तरी टेप चालू. 'क्लाउन'च्या आधी बँडची आपसातली बडबडसुद्धा तशीच ठेवलीय बघा. हाच माणूस पुढे सेपल्टुराचा 'रूट्स', लिंप बिझकिटचा पहिला अल्बम आणि स्लिपनॉट बँडचा १९९९चा अल्बम करतो. त्या सगळ्यांत ही कच्ची बाजू दिसते, पण इथल्याइतकी उघडी कुठेच नाही.

'बॉल टंग'मधलं बरळणं याच्यातूनच येतं. राग इतका झाला की वाक्य जुळत नाही, अशा अवस्थेतला माणूस काय आवाज काढेल? ते तो काढतो. मला सुरुवातीला हसू यायचं, आता येत नाही.

आणि डेव्हिस कुठून आला हेही बघा. बेकर्सफील्ड हे कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातलं, तेलविहिरी आणि शेतीचं गाव. संगीतात त्याचं नाव होतं ते कंट्री या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीतासाठी, बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्डमुळे. तिथे हा मुलगा शाळेत 'वेगळा' म्हणून छळ सोसतो (सहावं गाणं त्यावरच आहे, त्याचं नाव इथे लिहवत नाही, पोरं त्याला ज्या शिवीने हाक मारायची तीच आहे), मग कर्न काउंटीच्या शवचिकित्सकाच्या कार्यालयात मदतनीस म्हणून काम करतो, आणि सेक्सआर्ट नावाच्या स्थानिक बँडमध्ये गाताना मंकी आणि हेडच्या नजरेस पडतो. 'ब्लाइंड'सुद्धा मुळात त्या जुन्या बँडमधून आलेलं गाणं आहे. एवढं माहीत असलं की आवाजातली थरथर नाटकी वाटत नाही.

क्रम विचारलात तर 'शूट्स अँड लॅडर्स'ने सुरू करा. सुरुवातीची बॅगपाइप डेव्हिसच वाजवतो, शाळेत असताना शिकला होता. त्यानंतर सगळी इंग्रजी बालगीतं, आणि ती गाता गाता त्याचा आवाज हळूहळू फाटत जातो. अल्बममधलं सगळ्यांत स्पष्ट चेहरा असलेलं गाणं, ग्रॅमीचं नामांकनही याच गाण्याला मिळालं.

अवांतर: बालगीतांमागे भयानक अर्थ दडलेत या कल्पनेवर हे गाणं उभं आहे. त्यातलं 'रिंग अराउंड द रोझी' प्लेगवरचं आहे ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण लोकसाहित्याचे अभ्यासक ती मानत नाहीत. गाणं त्यामुळे कमी भीतीदायक होत नाही.

खर्जातला

रानवाट, बॅगपाइपबद्दल सहमत. त्या वाद्याचा एक सूर सतत चालू असतो, आणि गिटारी येतात त्या त्याच्या खाली. जाड तारेचा त्यांनी केलेला सगळ्यांत चांगला वापर इथे आहे.

तिसरी घंटा

'डॅडी'बद्दल कुणी लिहीत नाहीये, मी लिहिते. विषय लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचा आहे. ज्यांना त्रास होईल त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

नावावरून अनेकांचा समज होतो की हे गाणं वडिलांवरच्या आरोपाचं आहे. तसं नाही. डेव्हिसने नंतर सांगितलंय की शोषण करणारी व्यक्ती दुसरीच होती. त्याने घरी सांगितलं तेव्हा आईवडिलांना ते खोटं, थट्टा वाटली. गाण्यातला टाहो आहे तो या न ऐकलं जाण्याचा. हे कळल्यावर सुरुवातीचा तो वाद्यांविना, नुसत्या आवाजाचा भाग वेगळाच ऐकू येतो, आईकडे क्षमा मागण्याने गाणं का उघडतं तेही लक्षात येतं.

रडणं ठरवून केलेलं नव्हतं. गाता गाता तो कोसळला, बँड वाजवत राहिला, रॉबिन्सनने टेप थांबवली नाही. ते अल्बमवर ठेवणं योग्य होतं का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. एक बाजू अशी की ज्याचं लहानपणी कुणी ऐकलं नाही त्याचं अखेर लाखो लोकांनी ऐकलं. दुसरी बाजू तुम्ही लिहिलीत तीच, की आपण हे हेडफोन लावून 'ऐकतोय' म्हणजे नक्की काय करतोय? डेव्हिसलाही ते सोपं गेलेलं नाही. वर्षानुवर्षं मंचावर हे गाणं टाळलं गेलं. २०१५मध्ये अल्बमच्या विसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्यांनी तो अख्खा वाजवत दौरा केला, त्यात मात्र गायलं.

लांबीचं उत्तर: नाही, साडेसतरा मिनिटं हे चालत नाही. रडण्याच्या मागे एका बाईचा अंगाईसारखा आवाज येतो, तोही विरतो. मग कित्येक मिनिटं शांतता, आणि त्यानंतर एका पुरुषाचं आणि बाईचं गाडीच्या सुट्या भागावरून चाललेलं कडाक्याचं भांडण. सीडीच्या काळात असलं काहीतरी शेवटी लपवायची पद्धत होती. त्या भांडणाचा गाण्याशी काही संबंध नाही, आणि मला विचाराल तर ते तिथे नको होतं.

गाळलं तर काय हुकेल? संगीत म्हणून फार नाही. पण आधीच्या अकरा गाण्यांतला राग कुठून येतोय, ते फक्त इथे कळतं. तरी सांगते, ज्याला झेपत नाही त्याने ऐकू नये. अल्बम 'पूर्ण' करायची काही सक्ती नसते.

जुनाट मेटलवाला

तिसरी घंटा, प्रतिसाद आवडला. त्या भांडणाबद्दल शंभर टक्के सहमत. मुखपृष्ठाबद्दलही कुणीतरी लिहा. झोक्यावरची मुलगी, उन्हामुळे डोळ्यांवर धरलेला हात, आणि जमिनीवर पुढे येणारी माणसाची सावली. मी सुरुवातीला ते भीतीच्या चित्रपटाचं पोस्टर समजून सोडून दिलं होतं. शेवटचं गाणं ऐकल्यावर ते परत पाहिलं.

अर्धा सूर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खर्जातला, सांगितलंत तसं केलं. 'ब्लाइंड' लावून फक्त पायाचा ड्रम आणि बेस धरला. टकटक गेली असं नाही म्हणणार, पण आता ती ड्रमचा भाग वाटते आणि त्रास होत नाही. उलट 'फॉलो द लीडर' परत ऐकताना तिथेही तीच ऐकू यायला लागली, आधी लक्षच गेलं नव्हतं.

रानवाट, 'शूट्स अँड लॅडर्स'पासून सुरू केलं, त्यानंतर 'क्लाउन', मग 'ब्लाइंड'. या क्रमाने अल्बम खूपच जवळ आला. बरळण्याबद्दल तुमचं म्हणणं पटतंय, पण आवडलंय असं अजून म्हणवत नाही. सहावं गाणं मात्र एकदम लागलं. नाव बघून मी ते बिनडोक असेल असं धरून चालले होते आणि निघालं छळ झालेल्या मुलाच्या बाजूने.

'प्रेडिक्टेबल', 'फेक' आणि 'लाइज' अजूनही एकमेकांत मिसळतात. तिथे मी जुनाटांच्या पक्षात.

तिसरी घंटा, 'डॅडी' सध्या बाजूला ठेवलंय. तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर ते काय आहे हे कळलं, आणि मला वाटतं तेवढं पुरे आहे.

आता पुढचा प्रश्न, याच धाग्यात विचारते. यानंतर 'लाइफ इज पीची' (१९९६) घ्यावा की रॉबिन्सनचा धागा धरून स्लिपनॉटच्या १९९९च्या अल्बमकडे जावं?

रानवाट

'लाइफ इज पीची' घाईत केल्यासारखा वाटतो, पण पहिलं गाणं ऐकाच. अख्खंच्या अख्खं बरळणं आहे, शब्द जवळपास नाहीतच. तुमची परीक्षा तिथे होईल.

खर्जातला

स्लिपनॉट. पण तिथे बेस शोधायला जाऊ नका, नऊ जणांच्या गदारोळात सापडणार नाही.

जुनाट मेटलवाला

'रूट्स'. निर्माता तोच, रिफही वाढतात, आणि 'लुकअवे' या गाण्यात डेव्हिस पाहुणा म्हणून येतो. सगळ्यांचंच समाधान.